तासकाकांची नवी डिस्क

माझे धाकटे दीर गल्लीत तासकाका म्हणून ओळखले जातात. शाळांची वेळापत्रकं करून देणं हा त्यांचा उद्योग. कोणत्या वर्गावर कोणता तास, तो कुणी घ्यायचा, मधल्या सुट्टीच्या आधी की नंतर, हे सगळं ते ठरवतात. त्यावरून हे नाव पडलं, असं ते स्वतः सांगतात. गल्लीचं म्हणणं वेगळं आहे. समोर सापडेल त्याला ते बोलून बोलून तासून काढतात, म्हणून पडलं. मी घरातली, त्यामुळे मला दोन्ही बाजू मान्य कराव्या लागतात.

घरात ते भाऊजी. लग्न केलं नाही. एकदा जमत आलं होतं, पण पहिल्याच भेटीत त्यांनी त्या मुलीला विचारलं, “तुम्ही आंघोळीला साधारण किती वेळ घेता?” ती म्हणाली, “ते माझ्या मर्जीवर.” भाऊजी घरी येऊन म्हणाले, “मुलगी चांगली आहे, पण बसत नाही.” जणू तीही एखादा तासच होती. देव तिचं भलं करो. तिला वेळीच बुद्धी झाली.

उमेदीची वर्षं त्यांनी एका शाळेच्या कार्यालयात कारकुनी केली. तिथे उपमुख्याध्यापक करायचे त्या वेळापत्रकात संगीताच्या बाईंना एकाच वेळी दोन मजल्यांवर गावं लागायचं. भाऊजींनी ते एकदा दुरुस्त करून दिलं आणि काम त्यांच्या गळ्यात पडलं. त्यांनी ते हारासारखं मिरवलं. निवृत्तीनंतर आणखी शाळा आल्या. मग शाळांना तयार प्रोग्रॅम मिळू लागले आणि एकेक शाळा गळाली. उरली ती एकच, पुलापलीकडची. तिथल्या नव्या मुख्याध्यापिका बाईंनी यंदा सुट्टीपूर्वीच बजावलं होतं, “शाळा उघडेल त्या सकाळी वेळापत्रक माझ्या टेबलावर हवं. नसलं, तर आम्हीही प्रोग्रॅमच घेणार.”

भाऊजींनी हे घरी येऊन हसत सांगितलं. हसताना त्यांना कप बशीवर नीट ठेवता येईना. ते काम गेलं असतं तर त्या माणसाच्या दिवसात जेवण, झोप आणि मला सल्ले एवढंच उरलं असतं. पहिल्या दोन गोष्टींबद्दल माझी काही तक्रार नाही.

आता संगणक. तो पुढच्या खोलीत खिडकीखाली असतो, वर धुतलेला टॉवेल पांघरून. वय तर त्याचं झालेलं होतंच, पण त्याची चाल म्हणजे एखाद्या म्हाताऱ्याने जिना चढावा तशी. प्रत्येक पायरीवर थांबायचा, कण्हायचा, मग पुढे. भाऊजींनी बटण दाबलं की मी जपाला बसायची. माझी माळ पुरी व्हायची तेव्हा पडद्यावर चित्र यायचं. माझी भक्ती वाढली त्यात त्या यंत्राचा वाटा मोठा आहे, हे मी देवापासून लपवलेलं नाही.

संगणकाच्या दुकानदाराने सांगितलं, “काका, आतली हार्ड डिस्क जुनी झालीय. नव्या जातीची झटपट चालणारी डिस्क येते, एसएसडी, ती टाका. जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवून देतो, संध्याकाळी घेऊन जा.”

“माझ्या संगणकाच्या पोटात परका हात?” भाऊजी म्हणाले. डिस्क घेतली आणि दुकानदाराला तासून घरी आले.

ती डिस्क मी पाहिली. पत्त्यांच्या कॅटाएवढीही जाड नाही, आणि वजन म्हणाल तर नावाला. भाऊजींनी ती कानाशी हलवून पाहिली. मग स्वयंपाकघरात येऊन माझ्या वजनकाट्यावर ठेवली.

“वजनावर घेतलीत का?” मी विचारलं.

“वहिनी, आत काहीच नाहीये असं वाटतंय. रिकामी डबी दिली असेल त्याने.”

“तिच्यात फिरणारं काही नसतं म्हणून हलकी असते, असं तुम्हीच सकाळी वाचून दाखवलंत ना?”

“वाचणं वेगळं आणि हातात घेणं वेगळं,” असं म्हणून त्यांनी डिस्क उचलली. काटा शून्यावर आला आहे ना, हेही बघून घेतलं.

मग उतरवणं सुरू झालं. मोबाइलवर एका माणसाचा व्हिडिओ लावला होता. तो सांगेल तसं करायचं, असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे भाऊजी त्या माणसाला मध्येमध्ये थांबवून त्याच्या चुका काढत होते. पहिली अडचण अशी की जुन्या डिस्कवर सामान जास्त आणि नवीत जागा कमी. काहीतरी पुसायला हवं होतं. बंद पडलेल्या शाळांची वेळापत्रकंसुद्धा भाऊजींनी जपून ठेवली होती. त्यातल्या एका शाळेच्या जागी आता मोटारी दुरुस्त करतात. पण ती पुसायची नव्हती. पुसली ती आमच्या समुद्रकाठच्या सहलीची छायाचित्रं.

“विचारायचं तरी!” मी म्हणाले.

“सगळी धूसर होती. दादाने काढली होती ना.”

आमचे हे पलीकडे पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. भावाशी वाद घालण्याची त्यांची ही पद्धत आहे.

दुपारभर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत राहिली आणि निम्म्यावर येऊन थांबली. पडद्यावर वाचता न येणारा संदेश आला. भाऊजींनी वायर काढून पुन्हा लावली, उलटी करून लावली, मग माझ्या फडक्याने पुसून लावली. शेवटी जुन्या डिस्कची तपासणी चालवली. तिच्यात काही जागा खराब निघाल्या. “वय झालं की होतंच,” असं ते इतक्या हळवेपणाने म्हणाले की मला घोटभर चहा टाकावासा वाटला, त्यांच्यासाठी की डिस्कसाठी ते ठरेना. तपासणीनंतर मात्र पट्टी शेवटपर्यंत गेली. त्यांनी संगणकाचं झाकण उघडलं. नव्या डिस्कसाठी आतली खोबण मोठी पडत होती, तर माझ्या शिवणाच्या डब्यातलं इलॅस्टिक घेऊन त्यांनी ती आतल्या पट्टीला बांधून टाकली. परकराची नाडी ओवतात तसं.

आणि इथे तो मोबाइलमधला माणूस अगदी स्वच्छ शब्दांत म्हणाला, “आता जुनी डिस्क काढून ठेवा आणि फक्त नवीवर संगणक सुरू करून बघा.” मी स्वतः ऐकलं. दारातच उभी होते.

भाऊजींनी त्याचा आवाज बंद केला. “उतावळा आहे हा. जिने इतकी वर्षं साथ दिली, तिला पहिल्याच दिवशी घराबाहेर काढायचं? राहू दे आत. आधार असतो.”

यात त्यांचा एकट्याचा दोष नाही. ही या घराची रीतच आहे. भिंतीवर दोन घड्याळं आहेत. नवं आणल्यावर जुनं उतरवलं नाही, कारण नव्याचा भरवसा काय? इस्त्र्या दोन, छत्र्यांचा तर पार गठ्ठा. सासूबाईंच्या वेळचा पाटा मी अजून दाराला टेकू म्हणून वापरते. तेव्हा डिस्का दोन राहिल्या, याचं मलाही नवल वाटलं नाही.

बटण दाबलं. मी सवयीने माळ हातात घेतली.

“बघा!” भाऊजी ओरडले. “डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच!”

मी पाहिलं. माळ पुरी होत आली होती. मला वाटलं, माझाच जप हल्ली वेगाने होतो की काय. देवापुढे घाई करते म्हणून मी स्वतःला दोष दिला.

“फरक आहे ना रे, दादा?” त्यांनी ह्यांना विचारलं.

“आहे, आहे,” हे म्हणाले. त्यांनी पेपरावरून मान वर केली नव्हती.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण भाऊजींचे ते बरेच लांबले. गल्लीत कुणी भेटलं की डिस्कचे गोडवे. “अहो, बटण दाबायचा अवकाश!” औषधाच्या दुकानदाराला पटवून त्याला एक घ्यायला लावली. कपड्यांना इस्त्री करणाऱ्याकडे संगणकच नाही, तरी त्याला सगळी माहिती दिली. नवी डिस्क आवाजही करत नाही, असं ते सांगायचे, आणि खिडकीखालून नेहमीचं कण्हणं ऐकू यायचं. “तो पंखा आहे,” असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. ज्याला आनंद घ्यायचाच आहे त्याला कोण अडवणार? मी तर अडवत नाही. मला स्वयंपाक असतो.

पुलापलीकडच्या शाळेचं वेळापत्रक त्यांनी याच दिवसांत केलं. कच्चे कागद आता लागत नाहीत, सगळं यंत्रात, असं म्हणून जुने तक्ते रद्दीत दिले. एकेका शिक्षकाचे फोन यायचे. गणिताच्या बाईंना जेवणानंतरचा तास नको, कारण मुलं पेंगतात. इतिहासाच्या सरांनाही नको, कारण ते स्वतः पेंगतात. विज्ञानवाल्यांना प्रयोगशाळा सलग दोन तास हवी. भाऊजी प्रत्येकाला फोनवर तासायचे आणि मग मुकाट्याने त्याच्या मनासारखं करायचे. शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी सकाळी ते हातावर हात चोळत बाहेर आले. “झालं. एकही तास एकमेकांवर पडत नाही. दुपारी छापतो, उद्या सकाळी बाईंच्या टेबलावर.”

त्याच सकाळी नणंदबाई आल्या. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात, आल्या की वारा आल्यासारख्या. त्यांना दोघेही भाऊ दादाच. भाऊजींना म्हणाल्या, “दादा, आमच्या संगणकात फोटो मावत नाहीत रे. तुझी ती जुनी डिस्क पडूनच असेल ना?”

भाऊजी इतके खुशीत होते की क्षणभरही विचार केला नाही. “घेऊन जा. आता काय काम आहे तिचं? नवीने स्वतःला सिद्ध केलंय.” झाकण उघडलं, जुनी डिस्क काढली, टॉवेलात गुंडाळली आणि बहिणीच्या पिशवीत ठेवली. “काही असेल आत ते पुसून टाक म्हणावं जावईबुवांना. सगळं इकडे उतरलेलं आहे.”

दुपारी जेवणं उरकल्यावर त्यांनी बटण दाबलं. मी माळ घेतली. पहिल्या मण्यावर बोट गेलं न गेलं तोच पडद्यावर चित्र हजर! आवाज नाही, कण्हणं नाही.

मी माळ खाली ठेवली. भाऊजी मात्र छपाईच्या घाईत होते. त्यांनी वेळापत्रक उघडलं आणि तसेच बसले. पडद्यावर चौकटी होत्या, पण रिकाम्या. एका कोपऱ्यात एका वर्गाचा एकच तास भरलेला. डिस्क उतरवली त्या दिवसापर्यंत त्यांनी तेवढाच भरला होता.

मग शोधाशोध. नावाने शोधलं, तारखेने शोधलं. यंत्र बंद करून पुन्हा लावलं, दोनदा, आणि दोन्ही वेळा ते असं झटक्यात सुरू झालं की माझ्या अंगावर काटा आला. विषाणू शिरला, असं ते म्हणाले. मग ह्यांच्याकडे वळले. “दादा, तू हात लावलास?”

“मी? मला ते सुरू करता येत नाही.”

“मग पुसलं कुणी?”

मी म्हणाले, “भाऊजी, एक विचारू का? आज हे इतक्या लवकर कसं सुरू झालं?”

“लवकर म्हणजे? ते लवकरच सुरू होतं.”

“नाही हो. आज माझा पहिला मणीही झाला नाही.”

ते माझ्याकडे बघत राहिले, मग संगणकाकडे, मग झाकणाकडे. एखादा मोठा हिशेब उलट्या बाजूने सुटताना माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी तेव्हा पाहिलं. दोन्ही डिस्का आत होत्या. कोणत्या डिस्कवरून उठायचं हे संगणकाला कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून तो बिचारा सवयीने जुनीवरूनच उठत होता. नवी आत इलॅस्टिकला लोंबकळत बसली होती, कामाला हात न लावता, अगदी पाहुण्यासारखी. इतके दिवस केलेलं सगळं काम जुनीवर गेलं, आणि जुनी आज सकाळी टॉवेलातून बसने गेली. आणि भाऊजींनी गल्लीभर ज्या वेगाचं कौतुक केलं, तो वेग आज पहिल्यांदा घरात आला होता. आल्या आल्याच त्याने ही बातमी दिली.

फोन लावला. नणंदबाईंनी उचलला. भाऊजींनी तो टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

“ती डिस्क अजून पिशवीतच आहे ना?”

“छे! ह्यांनी आल्याबरोबर लावलीसुद्धा. साफ केली, मुलांचे फोटो भरून झाले. किती छान जागा आहे रे तिच्यात!”

एरवी नणंदेच्या यजमानांना नळाची गळती थांबवायला अख्खा हिवाळा लागतो. या घराण्यात वक्तशीरपणा कुणाच्या अंगात कधी संचारेल, देवच जाणे.

“साफ केली?” भाऊजी म्हणाले.

“तूच म्हणालास ना पुसून टाका? का? काय झालं?”

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगेन असं त्यांना वाटलं असावं. मी पदराने टेबल पुसायला घेतलं.

“माझं काम तिच्यावर होतं,” ते म्हणाले.

“पण तू तर नवीवर करत होतास. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच, असं म्हणायचास.”

“नव्हतो करत.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी जुनीवरच करत होतो.”

तिकडून फोन तोंडापासून लांब धरून हसण्याचा आवाज आला. “म्हणजे दादा, इतके दिवस तू जुन्या डिस्कला नवी म्हणून...”

“हो.”

“आणि त्या औषधवाल्याला पण...”

“हो! चुकलो मी! झालं समाधान?”

नणंदबाईंचं हसू एकदम आटलं. हे वाक्य त्यांनी भावाच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. “अरे... मग आता तुझं शाळेचं?” असं त्या हळूच म्हणाल्या, आणि तो हळू आवाज भाऊजींना हसण्यापेक्षा जास्त लागला. मग संगणकाच्या दुकानदारालाही विचारलं. तो म्हणाला, “पुसल्यावर वर दुसरं भरलंय ना? प्रयत्न करू, मिळालं तर मिळेल. पण आठवडा लागेल, काका.”

आठवडा कुठून आणायचा? शाळा सकाळी उघडणार होती.

भाऊजी पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून राहिले. संगणक सुरूच होता, तत्पर, चकचकीत, कशाचीही आठवण नसलेला. मी देवासमोर हात जोडले आणि म्हणाले, या माणसाचं तेवढं काम टिकू दे, बाकी काही मागत नाही. मग धान्याच्या डब्यांखाली अंथरायला आणलेला मोठा पांढरा कागद काढला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला. ह्यांच्या हाती पट्टी दिली. “रेघा मारा.”

“कशाला?”

“मारा म्हणते ना.”

रेघांचा आवाज ऐकून भाऊजी दारात आले. “वाकडी मारतोयस, दादा.” त्यांनी पट्टी हिसकावून घेतली. मी म्हणाले, “गणिताच्या बाईंना कोणता तास नको होता?”

“जेवणानंतरचा. मुलं पेंगतात म्हणे. मुलं कसली पेंगतात, शिकवणंच तसं.” त्यांनी चौकट भरली.

“आणि इतिहासाचे सर?”

“ते! ते तर...” आणि सुरू झाले. बसल्या बसल्या सगळ्या शाळेची उणीदुणी निघाली. कोण उशिरा येतो, कोणाचं कोणाशी पटत नाही, कुणाला शेवटचा तास दिला की बस चुकते आणि दुसऱ्या दिवशी त्याचा राग कुणावर निघतो. एकेक कुरकुर आठवली की एकेक तास आपल्या जागेवर जाऊन बसायचा. त्यांचं वेळापत्रक मुळात तक्रारींचंच बनलेलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. माणसाने राग धरू नये असं मी रोज वाचते. पण भाऊजींनी रागाऐवजी क्षमा धरली असती, तर आम्ही बुडालो होतो. दिवेलागणीला कागद भरला. ह्यांनी शेवटच्या ओळीत खाडाखोड केली म्हणून दोघे भाऊ थोडे भांडले, आणि मी भाकऱ्या टाकल्या.

सकाळी ते कागद गुंडाळून गेले. परतायला उशीर झाला. आल्यावर चप्पल न काढताच खुर्चीत बसले.

“चूक निघाली,” ते म्हणाले. “एक वर्ग एका तासाला मोकळाच राहिला. शिक्षकच नाही. मुलं मैदानात. सगळे शिक्षक मला घेरून उभे. मोठा कागद भिंतीवर, आणि ज्याला त्याला त्यात आपल्यावरचा अन्याय लांबूनच दिसतोय. गणिताच्या बाई एका कानाशी, इतिहासवाले दुसऱ्या.”

“आणि मुख्याध्यापिका?” ह्यांनी पेपर खाली ठेवून विचारलं. पूर्ण खाली.

“त्या दारात उभ्या राहून बघत होत्या.”

“मग? गेलं का काम?”

भाऊजींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “म्हणाल्या, मी प्रोग्रॅम घेतला, तर ही सगळी मंडळी माझ्या खोलीत येऊन भांडतील. यंदाही तुम्ही, पुढच्या वर्षीही तुम्हीच. आणि हा आठवडाभर शिक्षकांच्या खोलीत येऊन बसा, म्हणजे ज्याला बोलायचंय त्याला तुम्ही सापडाल.”

“म्हणजे बोलणी खायला ठेवलंय तुला,” हे म्हणाले.

“बोलणी खायला म्हणजे? सल्लामसलतीला!”

देवाकडे मी काम टिकू दे एवढंच मागितलं होतं. कोणतं काम, ते नीट सांगायला हवं होतं. पण त्यालाही आपला विनोद करू द्यावा.

“वहिनी,” भाऊजी आतून ओरडले, “उद्या निळ्या सदऱ्याला इस्त्री करा. आणि ती गणितवाली पहिल्याच तासाला येणार आहे, तेव्हा डबा जरा भक्कम द्या.”